चौथा महिना: काळा दगड काळाच यावा म्हणून

ऑटो मोड सोडून अपर्चर प्रायॉरिटीवर (लेन्सचं छिद्र आपण ठरवायचं, शटरचा वेळ कॅमेरा ठरवतो) आलो त्याला चार महिने झाले. या महिन्यात तीनच ठिकाणी कॅमेरा बाहेर काढला, पण आधीच्या तीन महिन्यांत मिळून शिकलो नव्हतो तेवढं शिकलो.

सुरुवात बेळगावच्या किल्ल्यातल्या कमलबस्तीपासून. रट्ट राजांच्या काळातली, इ.स. १२०४ ची ही बस्ती, म्हणजे जैन मंदिर. मंडपाच्या छतातून दगडी कमळ खाली उमलत आलंय. बाहेरच्या उन्हातून आत गेलं की डोळे सरावायला वेळ लागतो. विचारून घेतलं आणि पहिला फोटो काढला. दगड राखाडी आला, वर्षभराची धूळ बसल्यासारखा. डोळ्यांना तर तो काळाभोर, गुळगुळीत दिसत होता.

कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून चालतं. काळा दगड दिसला की त्याला वाटतं उजेड कमी पडतोय, मग ते जास्त प्रकाश घेतं. पांढऱ्याच्या बाबतीत नेमकं उलट. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या हिशेबात आपण करायची कमीजास्त दुरुस्ती, उणे १ केलं आणि दगड दगडासारखा आला. समोर काय आहे ते आपल्याला कळतं, मीटरला नाही. ते आपण सांगायचं.

तरी फोटोत दाणे राहिलेच, कारण आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता, फार वर होती. हातात धरून १८ एमएमवर एफ/५.६, १/६० सेकंद आणि आयएसओ ३२०० होतं. ट्रायपॉड नव्हता. मग रुमालाची घडी केली, कॅमेरा त्यावर उताणा ठेवला, लेन्स सरळ कमळाकडे. आधी ऑटोफोकस करून घेतला, मग मॅन्युअलवर टाकून कायम केला आणि दोन सेकंदांचा टायमर लावला. आता हिशेब बघा. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. आयएसओ ३२०० वरून २०० म्हणजे चार स्टॉप, एफ/५.६ वरून एफ/८ म्हणजे आणखी एक. पाच स्टॉप, म्हणजे बत्तीस पट वेळ: १/६० चा साधारण अर्धा सेकंद झाला. या फोटोत पाकळ्यांच्या कडांवरची छिन्नीची रेघसुद्धा दिसते. घरी येऊन कितीतरी वेळ नुसता तेवढाच कोपरा मोठा करून बघत बसलो.

येळ्ळूरगडावर पावसाळी धुकं मिळालं. तिथं अधिक १ लागलं, नाहीतर धुकं मळकट येतं. एवढंच.

तिसरं ठिकाण वडगावातलं, ओळखीच्या काकूंचा हातमाग. खिडकीचा उजेड एका बाजूनं, म्हणून ५० एमएम एफ/१.८ लावली. आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा धोटा धरायचाच या हट्टानं शटर १/५०० वर नेलं. धोटा अगदी स्पष्ट आला, धाग्यांच्या मधोमध थांबलेला. काकूंनी स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाल्या, "चांगला आलाय रे, खरं माग बंदच दिसालाय की!"

बरोबर बोलल्या. शटर १/३० वर आणलं. क्रॉप सेन्सरवर ५० एमएमला हातात धरून १/८० च्या खाली जाऊ नये असं सांगतात, म्हणून भिंतीला पाठ टेकली, कोपरं पोटाशी घट्ट धरली आणि एका दमात पाच-सहा फोटो घेतले. त्यातल्या एकात काकूंचा चेहरा स्थिर आहे, ताण्याचे धागे मोजता येतील असे आहेत आणि धोट्याची नुसती फिकट रेघ धावतेय. तोच फोटो मोठा करून त्यांना दिला. आता तो मागाच्या वरच्या फळीला लावलाय.

पुढच्या रविवारी गोकाकला जातोय. ५२ मीटरवरून पडणारी घटप्रभा पावसाळ्यात पांढरी नसते, मातीनं तांबूस असते. म्हणून कॉम्पेन्सेशन शून्यावरून सुरू करणार आणि प्रत्येक फोटोनंतर हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघणार. भर दिवसा अर्ध्या सेकंदासाठी एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी गडद काच, लागेल, तो एका मित्राकडून मागून आणलाय. तुषारांपासून लेन्स कोरडी कशी ठेवता, ते कुणी तिथं जाऊन आलं असेल तर नक्की सांगा.