पावारोत्तीचा रुमाल

"रुमाल घेतलास का?" हा प्रश्न आमच्या घरात कुणी आधी विचारत नाही. चपलेत पाय गेला की मात्र तो हमखास येतो. मग मी खिसे चाचपतो, पुन्हा आत जातो, कपाटातली इस्त्रीची चौकोनी घडी उचलतो आणि बाहेर पडतो. दिवसभरात ती घडी मोडेलच असं नाही. तरी खिशात रुमाल नसला की काहीतरी विसरल्यासारखं होतं. घाम टिपायचा, एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकून जागा धरायची, उन्हात गाडीवर जाताना तोंडाला बांधायचा, आणि बोलायला काही सुचेनासं झालं की त्यानं चष्मा पुसत बसायचं. हा शेवटचा उपयोग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. चार माणसांसमोर "दोन शब्द बोला" म्हणून उभं केलं की अडचण शब्दांची नसते, हातांची असते. त्यांना ठेवायचं कुठं? पाठीमागं बांधले तर कवायत वाटते, खिशात घातले तर आगाऊपणा, पुढं जोडून धरले तर लाचारी.

लुचानो पावारोत्ती या जगप्रसिद्ध इटालियन ऑपेरागायकालाही या हातांनी छळलं होतं, हे कळल्यापासून मला त्याच्याविषयी जरा जास्तच आपुलकी वाटायला लागली आहे.

त्याचे व्हिडिओ पाहिले असतील तर चित्र डोळ्यांसमोर येईल. दार भरून उरेल असा देह, काळी दाढी, काळा टेलकोट, पांढरा शर्ट आणि हातात पांढराशुभ्र रुमाल. तुमच्याआमच्या खिशातला वीतभर नव्हे, चांगला जेवणाच्या टेबलावरच्या नॅपकिनएवढा. गंमत म्हणजे पावारोत्ती त्यानं काही सारखा घाम पुसत नाही. एका टोकाला धरलेला रुमाल नुसता लोंबत असतो. सूर वर चढला की हात वर जातो आणि हाताबरोबर रुमालही. मी बराच काळ याला नाटकीपणा समजत होतो. इटालियन माणूस आणि त्यात ऑपेरावाला, करणारच काहीतरी.

पण या रुमालाची सुरुवात साधी आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या लिबर्टी या लहानशा गावी, विल्यम ज्युएल कॉलेजात पावारोत्तीचा कार्यक्रम होता. तोवर तो काही नवखा राहिला नव्हता. लंडन, मिलान, न्यूयॉर्क अशी सगळी मोठी ऑपेरागृहं त्यानं गाजवली होती. पण ऑपेरात गाणं वेगळं आणि एकट्यानं मैफल करणं वेगळं. ही मैफल त्याची पहिलीच. अंगात सर्दी मुरलेली, त्यात धास्तीनं घाम फुटलेला. म्हणून त्यानं हातात रुमाल घेतला आणि कार्यक्रम संपेपर्यंत सोडलाच नाही. पुढं तो त्याच्या मैफलींचा कायमचा सोबती झाला. रुमाल हा आपला आधार आहे, असं तो स्वतःच सांगायचा.

ऑपेरात टेनरच्या, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाच्या, हातांना भरपूर काम असतं. तलवार असते, पत्र असतं, मिठी मारायला नायिका असते आणि शेवटच्या अंकात ती मरायला लागली की तिला सावरायचं असतं. २९ एप्रिल १९६१ रोजी रेज्जो एमिलियाच्या थिएटरात पावारोत्ती पहिल्यांदा ऑपेराच्या रंगमंचावर उभा राहिला, तो पुच्चिनी या संगीतकाराच्या 'ला बोहेम'मधला रोदोल्फो म्हणून. त्यातला प्रसिद्ध प्रसंग हातांचाच आहे. मेणबत्ती विझलेली, शेजारच्या मिमीची किल्ली खाली पडलेली, दोघं अंधारात जमीन चाचपताहेत आणि त्याचा हात तिच्या हातावर पडतो. किती गार पडलाय तुझा हात, असं म्हणत तो गायला सुरुवात करतो. इथं हाताला हात सापडलेला आहे, म्हणजे निम्मी काळजी मिटली. मैफलीत यातलं काहीच नसतं. शेजारी पियानो, त्यामागं मान खाली घालून बसलेला वादक, आणि समोर अंधारात शेकडो माणसं. आपल्याकडं गवई मांडी घालून बसतो, मांडीवर स्वरमंडल असतं, ते नसलं तरी हातानं हवेत तानेची वेलबुट्टी काढता येते आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. तिकडं उभं राहून गायचं, तेही माइकशिवाय.

त्याच्या घरात हातांना विश्रांती अशी नव्हतीच. १२ ऑक्टोबर १९३५ ला उत्तर इटलीतल्या मोदेना गावी त्याचा जन्म झाला. वडील फर्नांदो बेकरीत पाव भाजायचे, आई आदेले सिगारच्या कारखान्यात कामाला होती. त्याच कारखान्यात आणखी एक बाई होती आणि तिला त्याच वर्षी मुलगी झालेली. ही मुलगी म्हणजे पुढची नामांकित सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणारी गायिका, मिरेल्ला फ्रेनी. दोन्ही पोरांना दूध पाजणारी दाईही एकच होती म्हणतात, आणि त्यातलं जास्त दूध कुणाच्या वाट्याला गेलं असेल हे आमच्याकडं बघून कळतंच, असा विनोद पावारोत्ती करायचा. १९७२ मध्ये याच दोघांनी कारायान या वाद्यवृंद-संचालकाच्या हाताखाली 'ला बोहेम'चं ध्वनिमुद्रण केलं. एका गावात वाढलेल्या दोघांनी रोदोल्फो आणि मिमी व्हावं, आणि त्या कामाला जगानं डोक्यावर घ्यावं, हे कथेत घातलं तर संपादक परत पाठवील.

पोरगा मोठा झाला तो गोलकीपर व्हायची स्वप्नं बघत. म्हणजे पुन्हा हातांचंच काम. आईनं समजावलं आणि तो मास्तर झाला. दोन वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, विमाही विकला. विमा एजंट म्हणून हा माणूस आपल्या दारात उभा राहिला असता तर पॉलिसी घ्यावीच लागली असती, असं मला उगाच वाटतं.

पण या गोष्टीत माझं मन अडकतं ते वडिलांपाशी. फर्नांदो पावारोत्तींचा आवाज फार सुंदर होता. तेही टेनरच. घरात कारुसो, जीली, स्कीपा, मार्तिनेल्ली यांच्या रेकॉर्डी वाजायच्या, त्या त्यांच्याच. चर्चमध्ये आणि गावच्या गायकवृंदात ते गायचे. गाण्यावर पोट भरायचा विचार मात्र त्यांनी बाजूला ठेवला, कारण माणसांसमोर उभं राहायचं म्हटलं की त्यांचा धीर सुटायचा. आवाज होता, पण छाती झाली नाही. १९५५ साली मोदेनाचा हा गायकवृंद वेल्समधल्या लँगोलेनच्या स्पर्धेला गेला. त्यात बाप आणि लेक दोघंही होते, आणि पहिलं बक्षीस घेऊन आले. गाण्यात काहीतरी करावं हे मुलाच्या मनानं तिथं घेतलं. वृंदात उभं राहिलं की भीती वाटून घेता येते. एकट्याच्या वाट्याला ती अख्खी येते.

वडिलांकडून आवाज आला, तसा हा धसकाही आला असला पाहिजे. फरक एवढाच की मुलगा धसका घेऊनच स्टेजवर गेला. सुरुवातीच्या वर्षांत त्याच्या स्वरतंतूंवर गाठ आली होती. फेर्रारा इथला कार्यक्रम इतका पडला की त्यानं गाणं सोडायचं ठरवून टाकलं. आणि सोडायचं ठरवल्यावर ती गाठ गेली! मनावरचा भार उतरला म्हणून गेली, असं त्याचं म्हणणं. वैद्यकशास्त्र काय म्हणेल ते म्हणो, दडपणाचा अनुभव असलेल्या माणसाला हे पटायला जड जात नाही.

श्वास कसा धरायचा हे तो नीट शिकला तेही हातांनीच. १९६५ मध्ये जोन सदरलंड या सोप्रानोच्या कंपनीबरोबर तो ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला. ही बाई दमदार, उंचीनंही आणि गळ्यानंही. तालमीत तो तिच्या पोटावर, बरगडीखाली हात ठेवायचा आणि गाताना तिथले स्नायू कसे हलतात ते चाचपून बघायचा. पुस्तकं वाचून जे कळलं नसतं ते तळहाताला कळलं.

याचं फळ 'ला फिय द्यु रेजिमाँ' या दोनीझेत्ती नावाच्या संगीतकाराच्या ऑपेरात दिसलं. त्यात टेनरला एका गाण्यात नऊ वेळा 'हाय सी' लावावा लागतो. आपल्या हिशेबात सांगायचं तर सफेद एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा तार षड्ज जिथं लागतो, त्याच्याही वर आणखी एक सप्तक. तिथं बहुतेक पुरुष खोट्या आवाजात जातात किंवा देवाचं नाव घेतात. पावारोत्तीनं ते नऊच्या नऊ सूर भरदार आवाजात, हसत हसत लावले. आधी १९६६ मध्ये लंडनला आणि मग १७ फेब्रुवारी १९७२ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात, जिथं सुमारे ३८०० माणसं बसतात. त्या रात्री पडदा पडल्यावर लोकांनी त्याला सतरा वेळा बाहेर बोलावलं. १९८८ मध्ये बर्लिनला तर हा आकडा १६५ वर गेला आणि टाळ्या तासाहून जास्त वेळ चालल्या, तशी गिनेस बुकात नोंद आहे. 'वन्स मोअर'साठी ख्याती असलेल्या आपल्या संगीत रंगभूमीनंही इथं हात टेकावेत.

एवढं मिळूनही भीती गेली नाही, हे विशेष. स्टेजवर जाण्याआधी त्याला एक वाकडा खिळा सापडावा लागे. सापडला की खिशात टाकायचा आणि मग गायला जायचं. लोखंडाला हात लावला की नजर लागत नाही ही इटलीतली जुनी समजूत, आणि वाकडा असेल तर फारच उत्तम. खिळा सापडलाच नाही तर पंचाईत नको म्हणून रंगमंचावरचे कामगार आधीच एखादा टाकून ठेवायचे. लिंबूमिरची टांगणाऱ्यांनी हसू नये.

काही वेळा खिळाही पुरला नसावा. कार्यक्रम रद्द करण्यात त्यानं नाव कमावलं. शिकागोच्या लिरिक ऑपेरात आठ वर्षांत ठरलेल्या ४१ पैकी २६ प्रयोगांना तो आलाच नाही. शेवटी १९८९ मध्ये त्या संस्थेनं त्याच्यासाठी आपलं दार बंद केलं. १९९२ मध्ये मोदेनात, स्वतःच्या गावात, ध्वनिमुद्रित गाण्यावर ओठ हलवताना तो पकडला गेला. त्याच वर्षी मिलानच्या 'ला स्काला' ऑपेरागृहात 'दोन कार्लो' या ऑपेरामध्ये सूर फसला आणि वरच्या सज्जातल्या रसिकांनी हुर्यो उडवली. ते लोक बरोबरच होते, असं त्यानं नंतर मान्य केलं. त्याच्या स्टेडियममधल्या अवाढव्य जलशांचं मलाही फार कौतुक नाही. मला त्याचा खरा आवाज ऐकायचा असतो तेव्हा मी पुच्चिनीच्या 'तुरांदोत' या ऑपेराचं १९७२ सालचं ध्वनिमुद्रण लावतो. सदरलंड आणि काबाये या दोन सोप्रानो आणि हा, आणि वाद्यवृंद हाती घेतलेले आपल्या मुंबईचे झुबिन मेहता.

मेहता आणि तो अठरा वर्षांनी रोममध्ये पुन्हा एकत्र आले. ७ जुलै १९९०, काराकाल्लाची प्राचीन स्नानगृहं, दुसऱ्या दिवशी फुटबॉलच्या विश्वचषकाचा अंतिम सामना. ल्युकेमियातून उठलेला कारेरास, दोमिंगो आणि पावारोत्ती असे तीन टेनर, प्रत्येकाच्या अंगावर टेलकोट, पण रुमाल एकाच्याच हातात. त्याच 'तुरांदोत'मधलं 'नेस्सुन दोर्मा' गाताना त्याच्याकडं बघा. सुरुवातीला हात खाली आहे, रुमाल गप्प आहे. शेवटच्या 'विंचेरो'ला, मी जिंकेन म्हणताना, स्वर वर जातो (तो 'हाय सी' नव्हे, त्याच्या खालचा 'बी'), भुवया वर चढतात, आणि सूर सुटला की मग चेहऱ्यावर जे हसू येतं ते जिंकल्याचं नाही, सुटल्याचं आहे. गोलकीपर व्हायचं राहून गेलेल्या माणसाचा आवाज त्या उन्हाळ्यात जगभर फुटबॉलचा आवाज झाला.

पुढच्या वर्षी ३० जुलैला लंडनच्या हाइड पार्कात त्याच्या मैफलीला लाखाच्या वर माणसं जमली आणि पाऊस कोसळला. छत्र्या उघडल्या तशी मागच्यांना दिसेना, ओरडा सुरू झाला, तेव्हा पुढच्यांनी छत्र्या मिटल्या. युवराज चार्ल्स आणि डायनाही ओलेचिंब. पावारोत्तीनं डायनाला उद्देशून पुच्चिनीचं प्रेमगीत गायलं. अशी बाई मी कधी पाहिली नाही, असं त्या गाण्यात आहे. लंडनच्या त्या संध्याकाळी रुमालांनी काय पुसावं आणि किती पुसावं!

६ सप्टेंबर २००७ रोजी मोदेनातच तो वारला, स्वादुपिंडाच्या कर्करोगानं, वयाच्या ७१ व्या वर्षी. गावच्या कॅथेड्रलमध्ये अंत्यविधी झाला. तिथं एक जुनं ध्वनिमुद्रण लावण्यात आलं. १९७८ सालचं 'पानिस अँजेलिकुस' हे चर्चमधलं भक्तिगीत, दोन टेनरांनी मिळून गायलेलं, लुचानो आणि फर्नांदो. वडील पाच वर्षांपूर्वीच गेले होते. गाणं संपलं तशी चर्चमधली माणसं उठून उभी राहिली आणि टाळ्या वाजवायला लागली, बराच वेळ. बाहेर चौकात जमलेल्यांच्या डोक्यावरून इटलीच्या हवाई दलाची विमानं हिरवा, पांढरा, लाल धूर सोडत गेली. स्टेजला घाबरून जन्मभर पाव भाजलेल्या माणसाला एवढ्या लोकांनी उभं राहून दाद दिली, आणि त्यासाठी त्याला एकदाही पुढं यावं लागलं नाही.