तुम्ही विचारलंत म्हणून: स्पर्धकांपुढे हिशेबाची वही का उघडते

नैरोबीतल्या गणपतीत आरती संपून प्रसाद वाटेपर्यंतच्या दहा मिनिटांत हा प्रश्न येतोच. रत्नागिरीला गेले की माहेरच्या ओटीवरही येतो. "तुझ्याच धंद्यातल्या माणसांसमोर तू खर्चाची वही उघडतेस? कशाला?" हल्ली त्याला एक शेपूट जोडलं गेलंय. कुणाचा पुतण्या कंपालाला मसाले दळायचं युनिट टाकतोय, कुणाची भाची दार-ए-सलामला काजूचं काहीतरी करतेय. एकमेकांना हिशेब दाखवणाऱ्या छोट्या धंदेवाल्यांच्या असल्या गटात त्यांनी जावं का? तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगते.

मी केनियात आंबा वाळवते. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलो आणि माकुएनी जिल्ह्यातल्या आंब्याच्या बागा पाहून मला राहवेना. तिथला मुख्य आंबा 'ॲपल' जातीचा, गोल आणि लालसर. हापूसची सर नाही, पण वाळवायला झकास. मचाकोसजवळ एक शेड, सहा बायका, दोन ड्रायर, एवढाच पसारा.

आधी कबूल करते की पहिल्यांदा ज्या 'नेटवर्क'मध्ये गेले, ते अगदीच फुसकं निघालं. कुठल्याशा प्रकल्पाच्या पैशावर चालणारं. चांगलं हॉटेल, गळ्यात ओळखपत्र, मागे बॅनर, दोन वेळा चहा आणि निघताना बैठकीचा भत्ता. स्वतःच्या फायद्याची गोष्ट ऐकायला आम्हालाच पैसे मिळत होते, तेव्हाच मनात पाल चुकचुकायला हवी होती. प्रकल्प संपला, भत्ता संपला आणि मागे उरला एक व्हॉट्सॲप ग्रुप, ज्यावर आजही रोज सकाळी बायबलमधलं एक वचन आणि सूर्योदयाचं चित्र येतं.

दुसरा गट मिळाला तो ड्रायरची जाळी शोधताना. चौदा माणसं. कितुईकडचे एक मधवाले, शेंगदाण्याचं लोणी करणारी एक बाई, कसाव्याचं पीठ विकणारा एक तरुण, विम्बी दळणाऱ्या दोघी बहिणी. विम्बी म्हणजे आपली नाचणी, आणि तिची उजी म्हणजे थेट आंबीलच. गटाला नाव नव्हतं, कार्यालय नव्हतं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी कुणाच्या तरी शेडमध्ये जमायचं, एम-पेसाने, म्हणजे मोबाइलवरून, वर्गणी भरायची, उशिरा आलेल्याने शंभर शिलिंग दंड द्यायचा. याला इथे 'चामा' म्हणतात. आपण भिशी म्हणू. केनियात अशा किती भिशा चालतात त्याला गणती नाही; आमचीत फक्त पैशाबरोबर धंद्याचे आकडेही फिरतात.

पहिल्या दिवशी सगळे मला 'मामा' म्हणायला लागले. स्वाहिलीत मामा म्हणजे आई, मानाची बाई. मी मात्र आपला कुणीतरी भाचा शोधत होते.

मला लगेच घेतलं असं समजू नका. तीन बैठका नुसतं बसवून ठेवलं. इथे भारतीय म्हणजे दुकानदार किंवा घाऊक व्यापारी, म्हणजे टेबलाच्या पलीकडचा माणूस. 'दुका', 'गुनिया', 'देबे' हे शब्द स्वाहिलीत कुठून आले ते उघडच आहे: दुकान, गोणी, डबा. व्यापाराबरोबर आलेले शब्द आहेत, आणि त्या व्यापाराच्या आठवणी सगळ्याच गोड नाहीत. माझ्याबद्दल बोलायचं झालं की मंडळी किकाम्बा भाषेत शिरायची. वाईट वाटलं, पण त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

चौथ्या बैठकीत मधवाले म्झे (म्हणजे वयाने, मानाने मोठे) म्हणाले, "वही काढ." मी ऐटीत काढली. शंभर ग्रॅमच्या पाकिटाचे दुकानदाराकडून मला एकशे दहा शिलिंग मिळायचे, आणि माझ्या हिशेबाने खर्च होता ऐंशी. त्यांनी चष्मा वर केला. "एक किलो वाळक्या फोडींना ओला आंबा किती?" मी म्हटलं, आठ किलो. शेंगदाण्यावाली हसली. साल, कोय, डागाळलेला भाग आणि उडून जाणारं पाणी धरून बारा किलोच्या आत काम होतच नाही, हे तिला आंबा न वाळवताही माहीत होतं. मग एकेक प्रश्न. मटाटूचं (म्हणजे इथल्या वडाप गाडीचं) भाडं कुठे लिहिलंयस? परत आलेली पाकिटं? वीज गेली त्या दिवशीचा घाणा? आणि शेवटी, अगदी सहज विचारावं तसं: "तुझा स्वतःचा पगार?"

त्या रकान्यात काहीच नव्हतं. खर्च निघाला एकशे अठरा. म्हणजे पाकिटामागे आठ शिलिंग मी पदरचे घालत होते, आणि विक्री वाढली म्हणून गेल्याच आठवड्यात शेडमध्ये पेढे वाटले होते.

नवऱ्याने हे विचारलं असतं तर भांडण झालं असतं. सल्लागाराने विचारलं असतं तर त्याची फी मनात आली असती. इथे विचारणाऱ्या प्रत्येकाने आपापली वही आधी उघडून ठेवली होती, आणि म्झेंच्या वहीत बाटल्यांचा हिशेब माझ्याइतकाच भोंगळ होता, हे मी त्याच दिवशी दाखवून दिलं. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर खरं म्हणजे एवढंच आहे.

उरलेलं अर्धं जानेवारीत आहे. माकुएनीत आंब्याचा हंगाम डिसेंबर ते मार्च, आणि इथलं शाळेचं वर्ष सुरू होतं जानेवारीत. नाताळात पैसा गेलेला, फी भरायची, गणवेश घ्यायचा. लोक या महिन्याला 'न्जानुअरी' म्हणतात. 'न्जा' म्हणजे भूक. ही अडचण दलालाला पक्की ठाऊक असते. तो लॉरी घेऊन बागेत येतो आणि नगावर भाव सांगतो. मोठी फळं निवडून नेतो, लहान फळं झाडाखाली सडतात. शेतकरी कुरकुरत का होईना देतो, कारण सोमवारी मुलाला शाळेत सोडायचं असतं.

आमच्यासारख्यांना तीच लहान फळं चालतात. फोडीच तर करायच्या. पण रोख कुणाकडे होती? एकटीच्या जिवावर मी दोन दिवसांपेक्षा जास्त खरेदी करू शकत नव्हते. मग गटाने ठरवलं: ऑगस्टपासून जमणाऱ्या वर्गणीचा एक भाग जानेवारीसाठी बाजूला. ज्याचा हंगाम त्याला तो आधी, मार्चअखेर परत. मी काटा घेऊन बागेत जाते, नगावर नाही, किलोवर घेते, आणि त्याच दिवशी एम-पेसा. पहिल्या वर्षी एका आजीने फोनवरचा मेसेज नातवाकडून तीनदा वाचून घेतला होता.

कोकणातली असल्याने माझ्याकडून गटाला एकच गोष्ट मिळाली असेल, ती फळमाशीची. आशियातून आलेली एक फळमाशी २००३ मध्ये केनियाच्या किनाऱ्यावर सापडली आणि बघता बघता पसरली. २०१४ साली केनियाने स्वतःहून युरोपला आंबा पाठवणं थांबवलं, ते २०२१ मध्ये पुन्हा सुरू झालं. आमच्याकडे दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा पाहिलेला. डब्यात मिथाइल युजेनॉलचा बोळा, त्या वासाने नर माश्या आत येतात. तसले सापळे इथेही मिळतात, पण एखाद्याच बागेत टांगले तर शेजारच्या माश्या येतच राहतात. सगळा डोंगरउतार एकाच आठवड्यात टांगायला हवा. मी हे समजावत होते तर विम्बीवाल्या बहिणींतली थोरली म्हणाली, "म्हणजे म्वेथ्या." म्वेथ्या ही काम्बा लोकांची जुनी रीत. गावाने मिळून एकेकाच्या शेतावर राबायचं. मचाकोसच्या डोंगरांवरचे बांध असेच उभे राहिलेत, बहुतेक बायकांच्या हातांनी. मला एकदम इर्जिक आठवलं आणि मग काही समजावायची गरजच उरली नाही.

बाकीचे फायदे छोटे, पण रोजचे. काचेच्या बरण्या कारखान्यातून थोड्याथोडक्या मिळत नाहीत, त्या चौदा जण मिळून मागवतो. मशीन बनवून घ्यायला गेलात तर खिशात चुंबक ठेवा. ३०४ प्रतीच्या स्टेनलेसला तो सहसा चिकटत नाही, लोखंडाला पटकन चिकटतो. हे ज्ञान एका सदस्याचे पीठ दळायचे ड्रम गंजल्यावर सगळ्यांना फुकट मिळालं. उधारीचा कोणता दुकानदार खरंच पैसे देतो, हेही शनिवारीच कळतं. एका मोठ्या दुकानाने माझे पैसे सात महिने अडकवले होते. मी गटात नंतर आले. आधी आले असते तर माल टाकलाच नसता, कारण त्यांतल्या तिघांनी तोच अनुभव घेतलेला होता.

आता काळी बाजू. एक सदस्य जानेवारीचे पैसे उचलून गेला तो गेलाच. फोन बंद. ती तूट आम्ही वर्षभर भरली, आणि त्यानंतर दोन जामीन असल्याशिवाय छदामही मिळत नाही. एकाने माझ्या लेबलाचा रंग आणि पानाची नक्षी जशीच्या तशी उचलली. बैठकीत मोठा वाद झाला, त्याने बदललं, पण आमचं बोलणं अजून तुटकच आहे. आणि माणसं पंचवीसवर गेली की वह्या बंद होतात आणि भाषणं सुरू होतात, हे मी दुसऱ्या एका गटात पाहिलंय. म्हणून पुतण्याला सांगा, मोठं नाव शोधू नकोस. दंड वसूल करणारा गट शोध. आणि पहिल्या दिवशी खोटी वही नेऊ नकोस, त्या लोकांना ती पाचव्या मिनिटाला कळते.

आता तुमचा आवडता प्रश्न: "कृती सांगून टाकलीस ना?" हो, सांगितली. आंबापोळी. शेंगदाण्यावालीला मीच शिकवली. रस आटवायचा किती, ताटाला तुपाचा हात कसा लावायचा, दुसरा थर कधी घालायचा, सगळं. यंदा ती वोटेच्या बाजारात आंबापोळी विकतेय. माझ्यापेक्षा पातळ पसरते, माझ्या दीडपट वेगाने वाळवते आणि ताटाला तूप लावतच नाही. पोळी सालपटासारखी अलगद सुटते. कशाचा हात लावतेस म्हणून मी दोनदा विचारलं. म्हणाली, "मामा, तुझी वही आण, मग सांगते."

या शनिवारी नेतेय.