मंगळवारच्या तक्रारी

अमेरिकेचं पेटंट ऑफिस पेटंटं देतं ती मंगळवारी. मंगळवारी केस न कापणाऱ्या, नवं काही घरात न आणणाऱ्या आपल्या लोकांना हे जरा खटकेल. पण 8 ऑगस्ट 1911 रोजी तिथलं दहा लाखावं पेटंट निघालं, मोटारीच्या टायरचं, तोही मंगळवारच होता.

त्या काळातली, म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांतली पेटंटं चाळायला घेतली की आधी थोडा विरस होतो. आपण ‘शोध’ शोधायला गेलेलो असतो आणि तिथे भेटते ‘सुधारणा’. मजकुराची सुरुवात ठरलेली: ज्यांचा ज्यांचा संबंध असेल त्या सर्वांस कळावे की मी अमका, राहणार अमुक गाव, याने उंदराच्या सापळ्यात काही नव्या व उपयुक्त सुधारणा केल्या आहेत. आपल्या जुन्या खरेदीखतांतल्या ‘लिहून देतो ऐसा जे’ची ही सख्खी बहीणच. खाली दोन साक्षीदारांच्या सह्याही असायच्या. सोबत दहा बाय पंधरा इंची पांढऱ्या जाड कागदावर, चारही बाजूंनी इंचभर समास सोडून काळ्या शाईत काढलेलं चित्र. त्यात प्रत्येक खिळ्याला, प्रत्येक स्प्रिंगला नंबर. अर्ज करताना पंधरा डॉलर, पेटंट मिळताना आणखी वीस, आणि मग सतरा वर्षांची मक्तेदारी.

दहा-वीस वाचून झाली की कळतं, हे तक्रारअर्ज आहेत. ‘आजवरच्या सापळ्यांत बोट सापडते’, ‘आजवरचे नांगर ढेकूळ फोडत नाहीत’, ‘आजवरचे बंद मधूनच उसवतात’ अशी कुरकुर आधी येते. उपाय मागून येतो. कुरकुर जितकी नेमकी, तितकं पेटंट वाचायला गोड.

बोट सापडण्याची तक्रार खरीच आहे. फळीवरचा चापाचा सापळा, म्हणजे स्प्रिंग, मारणारी दांडी, तिला अडवणारी बारीक तार आणि आमिषाची पट्टी, इलिनॉयच्या विल्यम हूकरने 1894 मध्ये पेटंट केला होता. पाच वर्षांनी लीड्सच्या जेम्स अ‍ॅटकिन्सनने आपला सापळा आणला. पुढे 1913 मध्ये त्याने तो हजार पौंडांना विकून टाकला. हा सापळा सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजलं तर 38 भागांत मिटतो म्हणतात. दोन्ही कल्पना उत्तम, पण लावताना दांडी सुटली तर उंदराच्या आधी मालक ओरडणार. पेनसिल्व्हेनियातल्या लिटिट्झच्या जॉन मास्टने याच भीतीवर बोट ठेवलं. 17 नोव्हेंबर 1903 च्या त्याच्या पेटंटात उंदीर मरण्यापेक्षा लावणाऱ्याची बोटं वाचण्याचीच काळजी जास्त दिसते.

एवढी पेटंटं होऊनही लोकांचा सापळा रिकामा राहतो, तो बहुधा मांडणीमुळे. उंदीर भिंतीला अंग घासत चालतो, म्हणून सापळा भिंतीला काटकोनात आणि आमिषाची बाजू भिंतीकडे ठेवायची. भिंतीला समांतर ठेवला तर तो उलट बाजूने येऊन चापाला बगल देऊ शकतो. आमिष मटाराच्या दाण्याएवढंच हवं. मोठा तुकडा कडेकडेने कुरतडला जातो आणि पट्टी हलतच नाही. सुक्या बोंबलाचा तुकडा दोऱ्याने पट्टीला बांधला की त्याला ओढावंच लागतं. घरातली छोटी चिंगळी उंदरं चौकस असतात, पहिल्याच रात्री येतात. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, त्याच्यासाठी दोन-तीन रात्री आमिष घालून पण चाप न लावता सापळा तसाच ठेवायचा. आपल्याकडे अजून पिंजराही खपतो. उंदीर जिवंत धरून लांब सोडून येण्यात जे पुण्य आहे ते चापात नाही. तो परत येतो ही गोष्ट वेगळी.

मास्टच्या आधीच्याच मंगळवारी, 10 नोव्हेंबर 1903 ला, अलाबामातल्या मेरी अँडरसनला मोटारीच्या काचेवरच्या वायपरचं पेटंट मिळालं. दांडा आत, रबराची पट्टी बाहेर, आणि हवा चांगली असेल तेव्हा सगळं काढून ठेवता येईल अशी सोय. तक्रार चोख होती, पण वेळेच्या फार आधी आली. तेव्हा मोटारीच होत्या किती? 1920 मध्ये सतरा वर्षं संपली आणि वायपर गाड्यांवर सरसकट दिसायला लागला तो त्यानंतर.

सापळ्यापेक्षा मला चेन जास्त आवडते. पँटची, दप्तराची, आपण जिला चेनच म्हणतो ती. जुन्या चेनबद्दलची तक्रार लाजिरवाणी होती: वाकलं की ती मधूनच उघडायची. व्हिटकोम्ब जडसनने 1893 मध्ये जे पेटंट घेतलं ती आकड्या-फाशांची रांगच होती. पुढे जडसनच्याच कंपनीत स्वीडनहून आलेल्या गिडियन सुंडबॅकने आकडी काढूनच टाकली. प्रत्येक दात सारखाच. त्याच्या एका अंगाला बारीक उंचवटा, दुसऱ्या अंगाला तेवढाच खळगा. एकाचा उंचवटा पुढच्याच्या खळग्यात बसतो आणि वरून तिसरा दात येऊन त्याला तिथून हलू देत नाही. पूर्वी इंचाला चार पकडी होत्या, त्याने दहा केल्या. पेटंट मिळालं 20 मार्च 1917 ला. वारही तोच.

या रचनेतली गंमत अशी की चेन बंद ठेवण्यात रनरचं काही काम नाही. रनर फक्त दात तिरके करून एकमेकांत बसवतो आणि परत येताना त्याच वाटेने वेगळे करतो. म्हणून चेन रनरच्या मागे उसवायला लागली की दात दोषी नसतात. रनर घासून त्याचा जबडा केसभर सैल झालेला असतो. तो दातांना एकमेकांवर पुरतं दाबत नाही. अशा वेळी रनर पार खाली नेऊन ठेवायचा. त्याला वरच्या बाजूला दोन तोंडं असतात, खाली एक. त्या एका तोंडाच्या दोन्ही कडा बारीक पकडीने आळीपाळीने किंचित दाबायच्या. एकदा उजवी, एकदा डावी, मग ओढून बघायचं, गरज वाटली तर परत. एका दमात आवळली तर ओतीव जस्ताचा रनर तडकतो किंवा हलायचाच बंद होतो. नुसती जड चालत असेल तर मेणबत्ती घासावी. तेल नको, तेलावर धूळ बसते आणि कापडावर डाग पडतो. मधला दातच तुटला असेल तर मात्र पकड ठेवून द्यावी आणि चेनवाल्याकडे जावं.

सुंडबॅकची चेन आधी गेली ती पहिल्या महायुद्धात खलाशांच्या पैशांच्या पट्ट्यांवर, मग तंबाखूच्या बटव्यांवर. ‘झिपर’ हे नाव 1923 मध्ये एका रबर कंपनीने आपल्या पावसाळी बुटांसाठी काढलं. कपड्यांवर यायला तिला आणखी दम धरावा लागला.

तक्रारखोरांत आपलीही माणसं होती. मुंबईचे शंकर आबाजी भिसे छापखान्याचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, ओतण्याच्या यंत्रामागे लंडनमध्ये आणि मग न्यूयॉर्कमध्ये वर्षानुवर्षं लागले होते. एकेक खिळा ओतत बसण्यापेक्षा एकदम अनेक का ओतू नयेत, ही त्यांची तक्रार. दादाभाई नौरोजी त्यांच्या पाठीशी होते. इकडे हिंदुस्थानात 1911 चा पेटंट कायदा आला तेव्हा मुदत चौदा वर्षांची होती आणि कचेरी कलकत्त्यात. त्याआधी, 1856 मध्ये, या देशात पहिला हक्क दिला गेला तो पंखा ओढण्याच्या यंत्राला. साहेबाला उकडत होतं, ही त्या सालची सर्वांत तातडीची तक्रार असावी.

पण खरी धारदार कुरकुर शेतावरची. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या गिलगँड्राजवळ आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड 1912 च्या सुमारास वडिलांच्या शेतावर प्रयोग करत होता. नांगर माती उलटतो खरा, पण तळाशी दाबतोही. मग इंजिनाच्या जोरावर पाती फिरवून माती खोदली तर? पहिल्या प्रयोगांत पात्यांनी माती एका बाजूला उडवली. ‘एल’ आकाराची पाती बारीक शाफ्टवरच्या दूरदूर बसवलेल्या चकत्यांना लावली तेव्हा कुठे जमलं. 1920 मध्ये पेटंट मिळालं. आज गावोगाव ‘रोटर मारला का?’ असं विचारतात तो हाच.

पाच फुटी रोटरला साधारण 36 पाती असतात, सहा फुटीला 42. ती शाफ्टवर नागमोडी चढत जातात, म्हणजे एका वेळी एखाद-दुसरंच मातीत घुसतं आणि गियरबॉक्सला धक्का बसत नाही. पात्यांत डावं-उजवं असतं. झिजलेली बदलताना एखादं उलटं बसलं की यंत्र थरथरतं आणि रानात मधेच न हललेली पट्टी राहते. ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे रोटर फिरवणारा मागचा दांडा, मिनिटाला 540 फेऱ्यांवर ठेवून वेग हळू ठेवला आणि मागचं झाकण खाली सोडलं की माती बारीक होते. झाकण उचललं की जाडीभरडी राहते. वाफसा नसताना ओल्या काळ्या रानात घातला तर ढेकळं फुटत नाहीत, चिखलाचे गोळे वळतात आणि वाळल्यावर त्यांच्या विटा होतात. हराळी-लव्हाळ्याच्या रानात तर विचार करूनच घालावा. पाती एका मुळीचे दहा तुकडे करतात आणि दहाही फुटतात.

आणि जी तक्रार घेऊन हॉवर्ड निघाला होता, तीच मागच्या दाराने परत आली. दरवर्षी त्याच चार-पाच इंचांवर रोटर फिरवला की त्याखाली कठीण थर बसतो. मुळ्या त्यावर आडव्या पसरतात, पाऊस वरच्या वर वाहून जातो. मग तो थर खोलवर फोडायला सबसॉयलर घाला.

ट्रॅक्टरच्या मागे रोटर धरून उचलणारी तीन टोकांची जोडणी हॅरी फर्ग्युसनची. पहिल्या महायुद्धात तो आयर्लंडच्या शेतांवर ट्रॅक्टर नीट कसे चालवावेत हे सांगत हिंडत होता. तेव्हा नांगर मागे साखळीने ओढत. फाळ दगडात अडकला, मागची चाकं थांबली, तरी इंजिन थांबत नसे. ट्रॅक्टर स्वतःच्या आसाभोवती पुढून वर उठे आणि चालकावर पालथा होई. फर्ग्युसनच्या 1926 च्या पेटंटात खालचे दोन दांडे ओढतात आणि वरचा एक ढकलतो. मातीचा विरोध फाळाला पुढे कलंडवू पाहतो, तो जोर वरच्या दांड्यातून ट्रॅक्टरच्या पाठीत जातो आणि पुढची चाकं जमिनीला दाबून धरतो. जू बैलाच्या मानेवर नेमकं कुठे बसावं याचा हिशोब आपल्या सुतारांना पाठ होता. हा तसाच हिशोब, लोखंडात केलेला. पुढे फोर्ड कंपनीशी त्याचं फाटलं, खटला झाला आणि 1952 मध्ये साडेब्याण्णव लाख डॉलरांवर तो मिटला. पेटंटाच्या कागदाचा एवढा पसारा झाला.

त्या वरच्या दांड्याला आपण टॉप लिंक म्हणतो. ती फिरवून आखूड केली की नांगराचं नाक खाली जातं, लांब केली की वर येतं आणि फाळ मातीवरून घसरतो. नांगर लागत नाही म्हणून फाळाला शिव्या देण्याआधी ती दोन आटे फिरवून बघावी.

गवताचं तेवढं कुणी मनावर घेतलेलं दिसत नाही. पाचटाच्या, उंच गवताच्या रानातून रोटर बाहेर आला की शाफ्टला काडीचा पिळा असा घट्ट बसलेला असतो की पाती दिसेनाशी होतात. मग इंजिन बंद करायचं, किल्ली खिशात टाकायची, रोटरखाली लाकडाचे ओंडके लावायचे, कारण नुसत्या हायड्रॉलिकवर भरवसा ठेवून खाली जायचं नसतं. आणि विळा घेऊन उकिडवं बसायचं. आडवा चालवला तर विळा पात्यावर जाऊन धार जाते. शाफ्टच्या लांबीने, दोन चकत्यांच्या मधून, एकच उभी चीर द्यायची. मग तो सगळा पिळा नारळाच्या सोडणासारखा एका ओढीत सुटून येतो.