तुम्ही विचारलंत म्हणून: मिनेसोटाच का?

दोन प्रश्न मला जोडीनेच येतात. पहिला: "काय गं, अजून जातेस का त्या बायकांच्या आइस हॉकीला?" हो म्हटलं की लगेच दुसरा: "पण पहिल्याच सीझनला तुमच्या टोरांटोच्या टीमने उपांत्य फेरीत समोर आपणहून मिनेसोटा मागून घेतली होती ना?" आणि मग ते हसू. टोरांटोशेजारच्या मिसिसागाच्या आमच्या मंडळींत ज्यांनी बायकांचा एकही सामना पुरता पाहिलेला नाही, त्यांनाही ही एक गोष्ट तोंडपाठ आहे. तेव्हा एकदाच सविस्तर लिहून टाकते, म्हणजे पुढच्या गणपतीत मला निवांत जेवता येईल.

पहिला प्रश्न आधी, कारण तो लवकर उरकतो. मेपल लीफ्सनी, म्हणजे टोरांटोच्या पुरुषांच्या संघाने, त्यांच्या लीगचा स्टॅन्ली कप शेवटचा जिंकला 1967 साली. तुमच्यातले अर्धे लोक तेव्हा जन्मलेलेही नव्हते. दर वर्षी एप्रिलमध्ये निळ्या जर्सी चढवता, आणि नंतर तोंड पाडून बसता. तुम्हाला कुणी विचारतं का, अजून का बघता म्हणून? झालं.

आता मिनेसोटा.

पीडब्ल्यूएचएलचा, म्हणजे बायकांच्या व्यावसायिक हॉकी लीगचा, पहिला सीझन 1 जानेवारी 2024 ला टोरांटोत सुरू झाला. सहा संघ, प्रत्येकी 24 सामने. संघांना नावंसुद्धा नव्हती. छातीवर तिरकं टोरांटो लिहिलेलं, बास. 'सेप्टर्स' वगैरे पुढच्या सीझनला आलं. पहिला सामना लीफ्सनी 1999 साली सोडलेल्या जुन्या इमारतीत झाला. तिथे आता खाली लोब्लॉजचं किराणा दुकान आहे आणि वर बर्फाचं रिंक. (सामना बघून उतरताना कोथिंबीर घेऊन घरी यायची सोय जगात आणखी कुठे असेल तर कळवा.) त्या दिवशी न्यूयॉर्कने आम्हाला 4-0 हरवलं. मी घरी टीव्हीसमोर होते, तिकीट मिळालं नव्हतं. टेनिसच्या बिली जीन किंग यांनी सुरुवातीचा पक (खेळायची रबरी चकती) टाकला तेव्हा माझे डोळे भरून आले, आणि सामना संपेपर्यंत मी बधिर झाले होते.

त्या जानेवारीतले माझे व्हॉट्सअॅप मेसेज मला आज वाचवत नाहीत. "मैत्रिणींनो, निकाल काहीही लागो, आपण पाठीशी उभं राहायला हवं." आजची मी त्या जानेवारीतल्या मला विचारते, अगं, हॉकी बघायला निघाली आहेस की वर्गणी द्यायला? पण तीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. ती म्हणते, 2019 च्या वसंतात कॅनडातली बायकांची लीग रातोरात बंद झाली, जगातल्या उत्तम खेळाडू चार वर्षं धड लीगशिवाय इकडेतिकडे प्रदर्शनी सामने खेळत राहिल्या, हे माहीत असताना निकालाचं काय घेऊन बसलीस? नवी लीग दुसरा जानेवारी बघेल की नाही, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? तिचंही खोटं नाही. आमचं हे भांडण अजून चालू आहे.

मग टीम जिंकायला लागली. लागोपाठ अकरा सामने. 16 फेब्रुवारीला लीफ्सच्याच स्कोशियाबँक अरीनात माँट्रियलला 3-0 हरवलं, 19,285 लोकांसमोर. आमची नॅटली स्पूनर सीझनभरात वीस गोल करून गेली. घरी तिचं मूल जेमतेम वर्षाचं. ती गोलसमोर पाय रोवून उभी राहिली की दोन-दोन जणींना हलवता यायची नाही. सीझन संपला तेव्हा टोरांटो पहिली. आणि शेवटच्या दिवशी ओटावाला 5-2 हरवून मिनेसोटाला चौथ्या जागी बसवलं तेही आम्हीच! हे तुम्हाला माहीत नसणार, नाहीतर त्याच्यावरूनही हसला असतात.

नियम असा होता, आणि आहे: पहिल्या आलेल्या संघाने तिसऱ्या आणि चौथ्यातून उपांत्य फेरीचा प्रतिस्पर्धी स्वतः निवडायचा. तिसरी बॉस्टन, चौथी मिनेसोटा. मिनेसोटा शेवटचे पाच सामने ओळीने हरून आलेली. बॉस्टनच्या गोलमध्ये एरिन फ्रँकेल, अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाची गोलकीपर. तुम्ही कुणाला निवडलं असतं? आज नाही, त्या दिवशी. बॉस्टनने पुढे माँट्रियलचं काय केलं तेही बघा: तीन सामने, तिन्ही ओव्हरटाइममध्ये, तिन्ही बॉस्टनचे. म्हणजे बॉस्टन घेऊनही आम्ही घरीच बसलो असतो कदाचित, आणि तुम्ही बॉस्टनवरून विचारलं असतं.

माझ्या सासूबाई तेव्हा सांगलीहून आलेल्या होत्या. त्यांना क्रिकेट सोडून काही कळत नाही असं त्या स्वतःच म्हणतात, पण हा नियम ऐकल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "समोर कोण यायचं ते आपणच सांगायचं? अगं, मग हरल्यावर बोलायला जागा कुठे राहते?" मी म्हटलं, "आई, हरणारच नाही आपण."

पहिला सामना 4-0. दुसरा 2-0. पाचपैकी तीन जिंकायचे होते, दोन जिंकून झाले होते. तिसऱ्यासाठी टीम मिनेसोटाच्या घरी, सेंट पॉलला गेली. तिथे स्पूनर रिंकच्या कडेच्या बोर्डवर आदळली आणि उठून गेली ती गुडघा दुखावूनच. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत ती बर्फावर दिसली नाही. तो सामना 2-0 गेला. चौथा तर एकही गोल न होता दुसऱ्या ओव्हरटाइमपर्यंत लांबला आणि 1-0 गेला. दोन सामन्यांत आमचा एक गोल नाही. लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल करणारी बाई बाहेर गेल्यावर काय होतं ते आम्ही बघत होतो, पण हसणाऱ्यांच्या गोष्टीत स्पूनरचा गुडघा कधीच नसतो. त्यात फक्त निवड असते.

पाचवा सामना 17 मे, शुक्रवार, कोका-कोला कोलिसियम. पोर्ट क्रेडिटहून गो ट्रेनने एक्झिबिशनला उतरलं की पाच मिनिटांवर. आई बरोबर आल्या होत्या, मे महिन्यात लोकरीचा स्वेटर आणि वर शाल. रिंकमध्ये त्यांचंच बरोबर ठरलं. माझ्या शेजारी नेहमीप्रमाणे माझी सीटशेजारीण होती, पन्नाशीची, जुन्या काळी स्वतः खेळलेली. त्या लीगमध्ये पगार नव्हते, किटचे पैसेही खिशातून घालत, सराव रात्री उशिरा कारण चांगल्या वेळा पुरुषांच्या आणि मुलांच्या संघांना. हे तिने मला मध्यंतरांत थोडं थोडं सांगितलेलं, तक्रार म्हणून नव्हे. ती सामना बघताना बोलत नाही. पक आमच्या बाजूला आला की गुडघ्यावरचा हात मिटते, गेला की उघडते, एवढंच.

आम्ही 4-1 हरलो. मी तो सामना परत कधी पाहिला नाही, त्यामुळे कुठला गोल कधी हे मला विचारू नका. मला आठवतात त्या मिनेसोटाच्या टेलर हाइझच्या वळणाऱ्या स्केट, आणि शेवटच्या मिनिटांत आमच्या मागच्या रांगेतून आलेला एका माणसाचा आवाज. गडगडाटी, खरोखर संतापलेला. "कुणी सांगितलं होतं मिनेसोटा घ्यायला? लाज वाटते का?"

मी वळून त्याला काहीतरी म्हणणार होते. माझी जानेवारीतली सगळी वाक्यं तयार होती: अहो, पहिलंच वर्ष आहे, कौतुक करा जरा. पण माझी शेजारीण हसायला लागली. डोळ्यांत पाणी होतं आणि हसत होती. म्हणाली, "मी इतकी वर्षं खेळले, हरलेही पुष्कळ. माझ्यावर असं कुणीही ओरडलं नाही. टाळ्या वाजवायचे. छान प्रयत्न, म्हणायचे."

तिच्या त्या वाक्याने मला बरं वाटलं असं म्हणाल, तर नाही. मला त्या माणसाचा रागच आला होता, आजही येतो. स्पूनरशिवाय खेळणाऱ्या पोरींना लाज वाटायचं काय कारण? बर्फावर दोन्ही संघ हात मिळवायला रांगेत उभे राहिले तरी तो बडबडतच होता. पण हेही खरं, की मी स्वतः टीमवर तितकीच चिडले होते आणि जानेवारीतल्या मला ते मान्यच झालं नसतं. वर्गणी देणारा माणूस मूर्तीवर चिडत नाही. ट्रेनमध्ये आईंनी विचारलं, "आता पुढच्या वर्षी जाशील?" मी चिडून म्हटलं, मुळीच नाही. सेप्टेंबरमध्ये सीझन तिकिटाच्या नूतनीकरणाचा मेल आला तेव्हा दुपारच्या आत पैसे भरले होते.

मिनेसोटाने पुढे बॉस्टनला हरवून लीगचा पहिला करंडक, वॉल्टर कप, नेला. म्हणजे आम्ही हरलो ते विजेत्यांकडून. हे मी तुम्हाला सांगते तेव्हा तुम्ही अजूनच हसता. विजेतीच निवडली म्हणता.

दुसऱ्या सीझनला माँट्रियल पहिली आली. त्यांनी निवडली ओटावा, आणि ओटावाने त्यांनाच बाहेर काढलं. आम्ही दुसरे, त्यामुळे निवडायचा प्रश्नच नव्हता, तरी वाट्याला मिनेसोटाच आली आणि पुन्हा हरलो. पुन्हा कप त्यांचाच. व्हिडिओ कॉलवर मी आईंना म्हटलं, बघा, आता तर आम्ही निवडलीही नव्हती. त्या म्हणाल्या, "म्हणूनच म्हणते, नियमच खुळचट आहे तो. काढून टाका म्हणावं."

काढू नये. या लीगमधली ती सगळ्यात चांगली गोष्ट आहे असं माझं मत आहे, आणि यावर आईंशी माझं अजून जमलेलं नाही. तुमच्याशीही जमायची आशा नाही. मिनेसोटा निवडणं बरोबर होतं. निदान निवड केली त्या सोमवारी होतं.