आवर्तन आलं त्या दिवशी

गिरणा धरण नाशिक जिल्ह्यात आहे, नांदगाव तालुक्यात. १९६९ साली पूर्ण झालं. त्याच्या पाण्यावर जगणारी बहुतेक गावं मात्र आमच्या जळगाव जिल्ह्यात. एरंडोल तालुक्यातल्या अशाच एका नदीकाठच्या गावात मी ग्रामसेवक होतो. पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात आम्हाला अजून ‘भाऊसाहेब’च म्हणतात.

धरणातून पिण्यासाठी पाणी सोडलं की ते आपसूक नळाला येतं, असं शहरातल्या माणसाला वाटतं. प्रत्यक्षात काय असतं ते सांगतो. १५ ऑक्टोबरला धरणात साठा किती, त्यावरून पिण्याचं आरक्षण ठरतं. उन्हाळ्यात आवर्तन, म्हणजे धरणातून ठरावीक दिवस नदीत सोडलेलं पाणी, हवं असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव, मग पंचायत समिती, तहसीलदार, जिल्हाधिकारी, आणि तिथून जलसंपदा विभागाला पत्र. धरणाचं दार जलसंपदाच्या ताब्यात. पाणी खाली येईपर्यंत नदीकाठच्या मोटारी बंद ठेवायचा आदेश महसूलचा. वीज तोडायची वीज कंपनीने. नदीतली वाळू परत महसूलची. विहीर, पंप, पाइपलाइन, टाकी आणि नळ ग्रामपंचायतीचे. या सगळ्यांच्या मधल्या जागा कोणाच्याच नाहीत, आणि पाणी नेमकं त्या मधल्या जागांमध्ये अडतं. नळ कोरडा राहिला की लोक मात्र एकाच दारात येतात.

त्या वर्षी धरण भरलेलं नव्हतं. शेतीला आवर्तन नाही, फक्त पिण्यासाठी, तेही मोजून. निवडणुकीचा उन्हाळा होता. शाखा अभियंता प्रशिक्षणाला, तलाठी ड्युटीला, आणि आमच्या ग्रुपवर मतदान जागृतीच्या रांगोळ्यांचे फोटो मागवणं चालू. आमची जॅकवेल, म्हणजे नदीपात्रातली पाणी उपसायची विहीर, तळाला गेली होती. टँकरचा प्रस्ताव तयार होता, संयुक्त पाहणी झाली होती. पण आवर्तन सुटल्याची बातमी आली आणि प्रस्ताव थांबला. उद्भवाला, म्हणजे योजना जिथून पाणी उचलते तिथे, पाणी येणार असेल तर टँकर कशाला, असा प्रश्न वरून आला. नियमाने तो बरोबरच होता. फक्त पाणी अजून आमच्या उद्भवाला आलेलं नव्हतं.

इथे वाळूबद्दल सांगावंच लागेल, कारण त्याशिवाय त्या दिवसाची घाई कळणार नाही. पूर्वी आवर्तनाचं पाणी निघून गेलं तरी पात्रातल्या वाळूत ते मुरून राहायचं आणि जॅकवेलला पाझर कित्येक दिवस टिकायचा. वाळू गाळण्याचंही काम करायची. आता आमच्या शिवारात पात्राचा खडक उघडा पडलाय. रात्री ट्रॅक्टर उतरतात ते सगळ्यांना माहीत आहे, नावंही माहीत आहेत, आणि वाळूला विरोधाचा ठराव करणाऱ्या ग्रामसभेत हात वर करणाऱ्यांपैकी काहींचे ट्रॅक्टर त्यात असतात. याचा मला फार राग आहे. परिणाम एवढाच की पाणी आता थांबत नाही. वाहतं आहे तोवर जेवढं उपसाल तेवढं तुमचं. वाहणं दोन-तीन दिवस टिकतं.

पात्रात पाणी थांबावं म्हणून मेहुणबाऱ्यापासून कानळद्यापर्यंत गिरणेवर सात बलून बंधारे, म्हणजे फुगवायचे रबरी बंधारे, मांडलेले आहेत. माझ्या सगळ्या नोकरीत मी ते कागदावरच पाहत आलोय.

आणखी एक गोष्ट. पहिलं पाणी उचलायचं नसतं. कोरड्या पात्रातून येताना ते सगळी घाण पुढे ढकलत आणतं. प्लास्टिक, मेलेली जनावरं, स्मशानातली राख. पाण्याला तोंड फुटल्यावर निदान काही तास ते जाऊ द्यायचं, गढूळपणा जरा बसला की पंप चालू करायचा, टाकीत तुरटी आणि टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकायची, पाण्यात क्लोरीन उरलंय का ते पाहायची ओटी टेस्ट घ्यायची, मगच व्हॉल्व्ह सोडायचा. आमचा पाणीपुरवठा कर्मचारी हे कोणी न सांगता करतो. तो सातवी शिकलाय, आणि पाण्याचा वास घेऊन त्यात किती पावडर लागेल ते सांगतो. पगार वसुलीवर अवलंबून, म्हणजे बहुतेक वेळा उशिराच. पंचायत राज नावाची जी काही व्यवस्था आहे ती अशा माणसांच्या खांद्यावर उभी आहे, असं मी मनापासून मानतो.

त्या दिवशी पहाटे त्याचाच फोन आला. आवाजात आनंद होता.

“भाऊसाहेब, पानी उनं! पयलं पानी मी जाऊ दिसू, नऊ वाजता चालू करसू.”

नऊ वाजता परत फोन. “मोटार चालत नही. फीडरच बंद शे.” फीडर म्हणजे सबस्टेशनातून निघणारी विजेची लाइन.

मी गावात पोचलो तेव्हा नदीच्या उतारावर बाया हंडे घेऊन उभ्या होत्या. समोर पाणी वाहत होतं. चांगलं पात्रभर नाही, पण जॅकवेलच्या कठड्यापर्यंत आलेलं. एका मावशींनी मला विचारलं, “नदीमा पानी दिखी ऱ्हायनं, मंग नळले काब नही?”

नळाला पाणी का नव्हतं, ते सांगतो. नदीकाठच्या मोटारींनी पाणी वरच्या वर ओढू नये म्हणून काठावरचे शेती फीडर बंद करायचा आदेश होता. आदेश बरोबर होता. तो नसता तर पाणी आमच्यापर्यंत आलंच नसतं. त्यात ‘सार्वजनिक पाणीपुरवठा योजना वगळून’ अशी स्पष्ट ओळही होती. पण आमची जॅकवेल गावठाण फीडरवर नाही. गावठाणाची लाइन नदीपर्यंत जात नाही, म्हणून योजना झाली तेव्हाच जॅकवेलला शेती फीडरवरून कनेक्शन दिलं गेलं. सबस्टेशनात त्या फीडरचा खटका एकच. तो खाली केला की शेतकऱ्याची मोटार आणि गावाचा पंप एकदम बंद.

ही अडचण आम्हाला माहीत होती. गावठाणावरून स्वतंत्र लाइन ओढायची मागणी मी आधीच केली होती. पैसे नव्हते असंही नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के बंधित, तो पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा. पण अंदाजपत्रक वीज कंपनीकडून, तांत्रिक मान्यता जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा उपविभागाकडून, पात्रात खांब रोवायला जलसंपदाची हरकत नाही असं पत्र, आणि या सगळ्यानंतर आराखड्यात काम बसवून सरपंचांची आणि माझी डिजिटल सही. फाइल दुसऱ्या टेबलावर अडली होती. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तिथे प्रशासक आले. सदस्य सगळेच कामाचे होते असं मी म्हणणार नाही. पण गटाचा सदस्य स्थायी समितीत उठून ‘त्या गावाची लाइन का अडली’ असं विचारू शकायचा, आणि त्या भीतीने फाइल हलायची. विचारणारं माणूसच नाही म्हटल्यावर फाइलला कोणाची घाई?

मी गटविकास अधिकारी साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, वीज कंपनीशी बोला. वीज कंपनीचे उपअभियंता म्हणाले, फीडर महसूलच्या आदेशाने बंद आहे, तहसीलला विचारा. तहसीलदार निवडणुकीच्या बैठकीत. शेवटी सरपंचताईंनी थेट प्रांत मॅडमना फोन लावला. ताई दहावी झालेल्या, एरवी कार्यालयात बोलायला कचरतात. त्या दिवशी त्यांनी एकच वाक्य सांगितलं: “मॅडम, पाणी आमच्यासमोरून चाललंय, उद्या ते नसेल.” मॅडमनी शांतपणे विचारलं, तुमचा पंप सोडून बाकीच्या मोटारी बंद ठेवून फीडर चालू करता येतं का?

येतं. पण त्यासाठी फीडरवरच्या प्रत्येक डीपीचे, म्हणजे रोहित्राचे, डीओ काढावे लागतात. डीओ म्हणजे खांबावरचे फ्यूज; लांब काठीने एकेक खाली पाडायचे. ते काढले की त्या डीपीवरच्या सगळ्या मोटारी बंद, आणि मग सबस्टेशनातून फीडर चालू केलं तर वीज फक्त आमच्या डीपीपर्यंत जाते. वायरमन एकटा, उन्हाचा पारा ४४ च्या घरात, आणि डीप्या केळीच्या आणि उसाच्या शेतांमध्ये विखुरलेल्या.

वायरमन म्हणाला, “माझी ना नाही, भाऊसाहेब. पण उद्या कोणी मोटार चालवली तर मला विचारतील, फीडर कोणाच्या सांगण्यावरून चालू केलं. कागद द्या.”

त्याचं म्हणणं रास्त होतं. या व्यवस्थेत खालच्या माणसाचं रक्षण फक्त कागद करतो. मी ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर प्रांत मॅडमच्या दूरध्वनीवरील सूचनेचा संदर्भ देऊन लिहिलं: ‘जॅकवेलचे रोहित्र वगळता फीडरवरील इतर सर्व रोहित्रे बंद ठेवून वीजपुरवठा सुरू करावा.’ जावक क्रमांक टाकला, शिक्का मारला, ताईंची सही घेतली. मॅडमनी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘मान्य’ लिहून पाठवलं. त्याचीही प्रिंट जोडली. मग वायरमन, आमचा पाणी कर्मचारी आणि दोन पोरं मोटरसायकलवर निघाली. मीही सोबत होतो.

शेवटून दुसरी डीपी आबांच्या केळीत होती.

आबांबद्दल थोडं सांगायला हवं. जॅकवेलपासून गावाकडे येणारी पाइपलाइन त्यांच्या बांधावरून जाते. योजना झाली तेव्हा त्यांनी जागेचा एक रुपया घेतला नव्हता. त्यांची मोटार नदीत नव्हती. सातबाऱ्यावर नोंद असलेल्या स्वतःच्या विहिरीत होती. नदीकाठची विहीर नदीचंच पाणी ओढते हे खरं, पण त्यांनी चोरी केलेली नव्हती. फीडर बंद असल्यामुळे त्यांचं ठिबक काही दिवसांपासून बंद होतं. केळीला मे महिन्यात रोज पाणी लागतं. पानांच्या कडा भाजल्या होत्या, काही झाडं घडासकट मधोमध मोडून पडली होती.

फीडर चालू होणार असं त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांना वाटलं आपलीही मोटार चालेल. वायरमनने काठी उचलली तेव्हा त्यांना कळलं. ते ओरडले नाहीत. डीपीखाली उभे राहून मला म्हणाले:

“भाऊसाहेब, तुम्हना कागदवर फीडर चालू व्हयनं. मन्या केळीसना कागद कोनता हापिसमा देऊ?”

मी म्हणालो, आबा, पाणी गेलं की लगेच डीओ चढवतो. ते म्हणाले, ते मला माहीत आहे, मी वेगळं विचारतोय.

संध्याकाळी फीडर चालू झालं. पंप रात्रभर चालला, दुसऱ्या दिवशीही चालला. टाकी भरली, गावातल्या दोन जुन्या विहिरीही आम्ही भरून घेतल्या. कर्मचाऱ्याने रात्रभर तुरटी फिरवली. सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा ते जरा पिवळसर होतं, पण ओटी चांगली आली. तिसऱ्या दिवशी नदी परत खडकावर आली. काम झालं होतं, आणि ते आम्ही चांगलं केलं होतं. ताईंनी, वायरमनने, त्या पोरांनी, आणि फोन उचलणाऱ्या त्या अधिकारी बाईंनी.

आबांचा अर्ज मी स्वतः लिहून दिला. तीन ठिकाणी पाठवला. वीज कंपनीचं उत्तर आलं की पुरवठा महसूलच्या आदेशाने बंद होता. जलसंपदाचं उत्तर आलं की विहीर खासगी असल्याने विषय या कार्यालयाशी संबंधित नाही. तहसीलमधून तोंडी सांगितलं गेलं की नैसर्गिक आपत्तीच्या निकषात हे बसत नाही, पंचनामा करता येणार नाही. केळीला हवामानावर आधारित फळपीक विमा आहे, त्यात तापमानाचा निकष असतो. शासनाने वीज बंद ठेवल्याचा नसतो. प्रत्येक उत्तर आपापल्या जागी खरं आहे. गावाला पाणी मिळावं म्हणून एका माणसाचं पीक गेलं, एवढं सगळे मान्य करतात, पण ते लिहून घेणारी जागा जिल्ह्यात कुठेच नाही. ‘इतर सर्व रोहित्रे’ हे शब्द माझ्या पत्रात आहेत, माझ्या अक्षरात. त्या दिवशी दुसरं काही लिहिता आलं असतं असं मला वाटत नाही, तरी ते पत्र डोक्यातून जात नाही.

माझी आता बदली झाली आहे. चार्ज देताना मी यादीत दोन फायली वेगळ्या नोंदवल्या: गावठाण लाइनची आणि आबांच्या अर्जाची. लाइनचं अंदाजपत्रक नव्या दराने पुन्हा मागवलं गेलंय, कारण मधल्या काळात खांब आणि तारेचे भाव वाढले. आबांचा अर्ज १५ ऑगस्टच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्या, असं मी नव्या ग्रामसेवकाला सांगितलंय. ठरावात मागणी दोनच गोष्टींची आहे: पिण्याच्या पाण्यासाठी ज्याची वीज बंद ठेवली जाईल त्याच्या पिकाचा पंचनामा व्हावा, आणि तो कोणत्या कार्यालयाने करायचा ते आवर्तनाच्या आदेशातच लिहिलेलं असावं.