तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांना जोकोविच का सांगते?

मागच्या रविवारी पालकांची बैठक संपली आणि एका मुलाच्या वडिलांनी मला गेटपाशी थांबवलं. "मॅडम, बाकी सगळं पटलं, पण मुलांना सारखं जोकोविचचं काय सांगता? खेळाडू मोठा आहे, मान्य. पण माणूस म्हणून मुलांपुढे ठेवावा असा आहे का तो? फेडररचं सांगा की."

हा प्रश्न मला नवा नाही. दहा-बारा वर्षं झाली, गावातल्या मातीच्या दोन कोर्टांवर मी मुलांना टेनिस शिकवतेय, आणि दर वर्षी कुणी ना कुणी हे विचारतंच. त्या दिवशी मुलं घरी जायच्या घाईत होती, स्कूटर चालू होती, त्यामुळे "बोलू आपण निवांत" एवढंच म्हणाले. आता निवांत लिहिते.

आकड्यांचं आधी उरकून टाकते, कारण त्यात वाद नाहीच. नोव्हाक जोकोविचच्या नावावर एकेरीची 24 ग्रँड स्लॅम (टेनिसमधल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा) विजेतेपदं, त्यांतली 10 एकट्या मेलबर्नची, म्हणजे ऑस्ट्रेलियन ओपनची. जागतिक क्रमवारीत 428 आठवडे पहिला. रॉजर फेडररविरुद्ध 27 विजय, 23 पराभव; नदालविरुद्ध 31 आणि 29. राहिलेलं ऑलिंपिक सुवर्ण 2024 मध्ये पॅरिसला, वयाच्या 37व्या वर्षी, स्पेनच्या अल्काराझला दोन टायब्रेकमध्ये (सेट बरोबरीत अडकल्यावरचा निर्णायक गेम) हरवून मिळवलं. एवढं सांगितलं की समोरचा मान डोलावतो आणि म्हणतो, "ते ठीक आहे हो, पण..." सगळा प्रश्न त्या "पण"मध्ये आहे.

विचारणारे बहुतेक जण मला 2020 आणि 2022ची उदाहरणं देतात. त्यांवर मी येणारच आहे, टाळणार नाही. पण त्याच्यावरची नाराजी तेव्हा सुरू झाली, हे मला मान्य नाही. 2015ची अमेरिकन ओपनची फायनल मी पाहिली आहे. समोर फेडरर होता. पावसामुळे सामना तीन तास उशिरा सुरू झाला, आणि स्टेडियममधलं जवळजवळ प्रत्येक माणूस फेडररच्या बाजूने ओरडत होतं. जोकोविचची पहिली सर्व्हिस चुकली की टाळ्या पडत होत्या. टेनिसमध्ये समोरच्याच्या चुकीवर टाळी वाजवत नाहीत, हे मी सात वर्षांच्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवते. तोवर ना महामारी होती, ना लशीचा वाद, ना व्हिसाचा. मग त्याने असं काय केलं होतं?

माझ्या मते त्याचा दोष एवढाच होता की तो तिसरा आला. 2005 ते 2010 या काळात जगाने टेनिसमधली आपली जोडी ठरवून टाकली होती. एक फेडरर, एक नदाल. ज्याला नजाकत आवडते त्याने याच्याकडे जावं, ज्याला जिगर आवडते त्याने त्याच्याकडे. 2008ची त्यांची विम्बल्डन फायनल पाहिलेल्या माणसाला तिसऱ्या कुणाची गरजच वाटत नव्हती. आपल्याकडेही तेच. सचिन विम्बल्डनला जाऊन फेडररचा खेळ बघतो, त्याच्याविषयी भरभरून बोलतो म्हटल्यावर आपल्या घरांत दुसरं नाव कुठून निघणार? आणि हा सर्बियाचा मुलगा आला तो दोघांनाही हरवतच आला. दोन्ही घरांतल्या माणसांना त्याने रडवलं. मग जागा मिळावी कुठे?

त्यात त्याचा स्वभाव. सुरुवातीला तो इतर खेळाडूंच्या नकला करायचा, लोक हसायचे. मग त्याच नकलांवरून त्याला आगाऊ म्हणू लागले. दुखण्यामुळे सामने सोडायचा, तेव्हा नाटकी म्हणाले. जिंकल्यावर छातीवरून हात नेऊन चारी बाजूंच्या प्रेक्षकांना हृदय वाटल्यासारखं करतो, त्यालाही लोक ढोंग म्हणतात. मला त्यात ढोंग दिसत नाही. माझ्यावर प्रेम करा, हे त्याला लपवता येत नाही, इतकंच. मोठ्या माणसाने काही मागू नये, त्याला आपोआप मिळावं आणि त्याने ते मंद हसून स्वीकारावं, अशी आपली अपेक्षा असते. हा उघड मागतो आणि न मिळाल्यावर उघड चिडतो. शिट्ट्या मारणाऱ्यांना कानाला हात लावून "अजून ओरडा" म्हणतो. तसं करू नये, हे मलाही वाटतं. पण ते कुठून येतं हे मला कळतं.

इथे मला मोनिका सेलेसबद्दल सांगायलाच हवं, कारण मी टेनिसकडे वळले ती तिच्यामुळे. शाळेत असताना मला सेलेस आवडायची आणि मैत्रिणींना स्टेफी ग्राफ. सेलेस फटका मारताना ओरडायची. 1992च्या विम्बल्डनला त्याबद्दल इतक्या तक्रारी झाल्या की फायनलमध्ये ती जवळजवळ गप्प राहून खेळली आणि ग्राफकडून 6-2, 6-1 अशी हरली. दुसऱ्याच वर्षी हॅम्बुर्गला ग्राफच्या एका चाहत्याने भर कोर्टवर तिच्या पाठीत सुरी खुपसली. त्या बातमीने मी शाळेत रडले होते. खेळातली नावड कुठवर जाऊ शकते, हे मला तेव्हा कळलं.

पुढे कित्येक वर्षांनी वाचलं की सेलेसला लहानपणी घडवण्यात जिचा हात होता, त्याच येलेना गेन्चिच नावाच्या बाईंनी जोकोविचला शोधलं. सर्बियात कोपाओनिक नावाचं डोंगरावरचं ठिकाण आहे, बर्फातल्या खेळांसाठी प्रसिद्ध. तिथे त्याच्या आईवडिलांचं पिझ्झाचं दुकान होतं आणि समोर टेनिसची कोर्टं. 1993च्या उन्हाळ्यात गेन्चिचबाईंचं शिबिर चालू असताना सहा वर्षांचा एक पोरगा जाळीला नाक लावून उभा. बाई म्हणाल्या, उद्या ये. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा त्याच्या बॅगेत रॅकेट, टॉवेल, पाण्याची बाटली, केळं, मनगटाला बांधायचे पट्टे आणि जादा टी-शर्ट, सगळं नीट घडी करून ठेवलेलं. "आईने भरून दिली का रे बॅग?" तर म्हणे, नाही, मीच भरली. टीव्हीवर बघून त्याने ठरवलं होतं, टेनिस खेळणाऱ्याच्या बॅगेत काय असतं ते.

ही बॅग मी दर वर्षी नव्या मुलांना सांगते. तुमच्या मुलाने मध्यंतरी स्वतःची बॅग स्वतः भरायला सुरुवात केली असेल, तर ती या गोष्टीमुळे.

मग 1999. सर्बियाची राजधानी बेलग्रेडवर 78 दिवस नाटोचे बॉम्ब पडत होते आणि त्याच दिवसांत त्याचा बारावा वाढदिवस आला. रात्र तळघरात काढायची आणि दिवसा टेनिस खेळायचं. आदल्या रात्री जिथे बॉम्ब पडला त्या भागात सरावाला जायचं, कारण तिथे लगेच पुन्हा पडणार नाही, हा हिशोब. हे त्याने स्वतः सांगितलं आहे. अशा बालपणातून आलेला माणूस शांत, मृदू, सगळ्यांना हवाहवासा का नाही, असं विचारताना आपण थोडं थांबायला हवं.

खेळातलं चारित्र्य म्हणाल, तर 14 जुलै 2019ची रात्र. तुम्हालाही आठवत असेल, कारण त्याच दिवशी लॉर्ड्सवर वर्ल्ड कपची फायनल होती आणि घराघरांत रिमोटवरून ओढाताण चालली होती. विम्बल्डनच्या फायनलचा पाचवा सेट. फेडरर 8-7 ने पुढे, सर्व्हिस त्याची, 40-15. दोन चॅम्पियनशिप पॉइंट, म्हणजे त्यांतला एक घेतला की फेडरर विजेता. सेंटर कोर्टवरची माणसं उभी राहिली होती. पहिल्या पॉइंटला फेडररचा फोरहँड बाहेर गेला. दुसऱ्याला तो फोरहँड मारून नेटकडे धावला, आणि तो पोचायच्या आत जोकोविचने फोरहँडने तिरका, त्याच्या आवाक्याबाहेरून पासिंग शॉट मारला. जोराचा नव्हता तो फटका. बघाल तर साधा वाटतो. पण त्या आधीचं पाऊल बघा: फेडररने बॉलला रॅकेट लावायच्या क्षणी हा जागच्या जागी हलकी उडी घेऊन दोन्ही पायांवर उतरला, आणि उतरल्या उतरल्या योग्य दिशेला निघाला. त्याला आम्ही स्प्लिट स्टेप म्हणतो. तुमच्या मुलाकडून मी रोज तीच करून घेते, आणि तो रोज कंटाळतो.

शेवटी 12-12 वर टायब्रेक झाला आणि जोकोविच जिंकला. 4 तास 57 मिनिटं. एकूण पॉइंट फेडररचे जास्त होते, 218 विरुद्ध 204. तिन्ही टायब्रेक मात्र जोकोविचचे. नंतर त्याने सांगितलं की लोक "रॉजर, रॉजर" म्हणत होते तेव्हा मी ते "नोव्हाक, नोव्हाक" असं ऐकत होतो. हे ऐकून कित्येकांना हसू आलं. मला गलबलून आलं. जगातला पहिल्या नंबरचा खेळाडू, आणि त्याला टाळ्यासुद्धा मनातल्या मनात आपल्या नावावर करून घ्याव्या लागतात.

आता चुकांचं. जून 2020मध्ये, सगळं जग घरात कोंडलेलं असताना, त्याने सर्बिया आणि क्रोएशियात प्रदर्शनीय सामने भरवले. भरलेल्या गॅलऱ्या, गळाभेटी, रात्रीची पार्टी. खेळाडूंना लागण झाली, त्याला आणि त्याच्या बायकोलाही झाली, क्रोएशियातल्या झादारची फायनल रद्द करावी लागली. त्याने माफी मागितली, पण मुळात ते करायलाच नको होतं. डिसेंबर 2021मध्ये आपला अहवाल पॉझिटिव्ह आलाय हे माहीत असूनही त्याने एका फ्रेंच वृत्तपत्राला समोरासमोर मुलाखत दिली. हेही त्यानेच नंतर कबूल केलं. त्या वर्षी एप्रिल-मेमध्ये आमच्या घरातली दोन माणसं गेली. माझ्या सख्ख्या काकांना शेवटचं बघताही आलं नाही. त्यामुळे या गोष्टीवर मी त्याची वकिली करणार नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

लस घ्यायची नाही, हा मात्र त्याचा निर्णय होता आणि त्याची किंमत त्याने मोजली. जानेवारी 2022मध्ये मेलबर्नला उतरताच व्हिसा रद्द, मग स्थलांतरितांना डांबून ठेवलेल्या हॉटेलात मुक्काम, कोर्टात एकदा जिंकला, मग मंत्र्याने पुन्हा व्हिसा रद्द केला आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्याला परत पाठवलं. त्याच वर्षीची अमेरिकन ओपनही हुकली. तो पस्तिशीचा होता, आणि या वयात गेलेली स्पर्धा सहसा परत मिळत नाही. तरी खोटं प्रमाणपत्र दाखवायची किंवा मागच्या दाराने आत शिरायची वाट त्याने धरली नाही. मी स्वतः रांगेत उभी राहून लस घेतली, घरच्यांना घ्यायला लावली, आणि तो चुकला असंच मला वाटतं. पण आपल्या निर्णयाचं ओझं आपणच उचलणारा माणूस आणि चारित्र्य नसलेला माणूस, यांत फरक आहे.

त्याला देव मानणारेही मला तितकेच परके वाटतात. त्या दिवसांत त्याच्या वडिलांनी त्याची तुलना येशूशी केली होती. त्याच्या प्रत्येक चुकीत कुणाचा तरी कट शोधणारे चाहते आहेत. एक गट त्याला माणूस मानायला तयार नाही, तर दुसऱ्याच्या मते तो माणसापलीकडचा आहे. मला तो माणूस म्हणूनच हवा आहे, कारण मला मुलांना शिकवायचंय. फेडररचंही सांगते मी त्यांना. तोही कोवळ्या वयात रॅकेट आपटायचा, चिडून रडायचा, आणि नंतर बदलला, हे मुद्दाम सांगते.

परवाचं एक राहिलं. तुमच्या मुलाने तुम्हाला सांगितलं नसेल. सरावाच्या सामन्यात त्याची सर्व्हिस तुटली, म्हणजे स्वतःच्या सर्व्हिसचा गेम तो हरला, आणि त्याने रागाने बॉल मागे भिरकावला, तो कुंपण ओलांडून बाहेर गेला. कुणाला लागला नाही. मी खेळ थांबवला आणि त्याला बाकावर माझ्याशेजारी बसवलं. 6 सप्टेंबर 2020चं सांगितलं. अमेरिकन ओपन, चौथी फेरी, पहिला सेट. त्या वर्षात जोकोविच एकही सामना हरलेला नव्हता. 5-5 वर सर्व्हिस गेली, खिशातला बॉल काढून न बघता मागे मारला, तो लाइन जज बाईंच्या गळ्यावर बसला. मुद्दाम नव्हता मारला. तरी स्पर्धेतून बाद.

"बरोबर केलं बाद?" त्याने विचारलं.

"अगदी बरोबर केलं."

"मग तरी तुम्हाला तो आवडतो?"

"आवडतो."

थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "पुढच्या वर्षी काय झालं?"

मी सांगितलं. पुढच्या वर्षी त्याने पहिल्या तिन्ही ग्रँड स्लॅम जिंकल्या आणि त्याच स्टेडियमवर चौथीच्या फायनलला आला. रशियाच्या मेदवेदेवसमोर सरळ तीन सेटमध्ये हरत होता. शेवटच्या गेमआधी खुर्चीत बसला असताना अख्खं स्टेडियम त्याच्या नावाने ओरडायला लागलं, पहिल्यांदाच इतकं. आणि तो टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडला. सामना हरला.

तुमचा मुलगा काही बोलला नाही. उठला, गेटबाहेर जाऊन झुडपांतून बॉल शोधून आणला, बादलीत टाकला आणि रिटर्नसाठी बेसलाइनवर जाऊन उभा राहिला.