ब्राह्ममुहूर्त आणि नाइट ड्युटी

मी ध्यानाला बसते हे कळलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती वाजता?" मी नर्स आहे. मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट असं आमचं रोस्टर फिरत राहतं, त्यामुळे घड्याळातलं उत्तर माझ्याकडे नाही. उठल्यावर, दात घासून झाले की बसते. मग तेव्हा पहाटेचे पाच असोत की संध्याकाळचे.

हे ऐकून विचारणारा जरा हिरमुसतो, कारण त्याला 'ब्राह्ममुहूर्त' ऐकायचं असतं. त्या वेळेबद्दल मला आदरच आहे. एक मुहूर्त ४८ मिनिटांचा. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या १ तास ३६ मिनिटं आधी लागतो आणि ४८ मिनिटं आधी संपतो. म्हणजे सूर्योदय सरकेल तसा तोही सरकतो. बारा महिने 'चार वाजता' असं ठासून सांगणाऱ्यांनी हे एकदा बघावं. मॉर्निंग ड्युटी असली की मीही साधारण त्याच सुमाराला बसते. फोन वाजत नाही, कुणी हाक मारत नाही, दिवसाचं काहीच अजून डोक्यात साचलेलं नसतं. छानच वाटतं.

पण नाइट लागली की हाच ब्राह्ममुहूर्त मला वॉर्डात गाठतो. शरीराचं तापमान पहाटे अगदी खाली उतरलेलं असतं, खुर्चीत टेकायचा अवकाश की पापण्या मिटतात. आणि नेमकी तेव्हाच रक्ताचे नमुने घ्यायची, बीपी-टेम्परेचर टिपायची धावपळ चालू असते. त्या वेळेचं पावित्र्य मला तरी तिथे कधी जाणवलेलं नाही. पहाट शांत वाटते त्यात बराचसा वाटा आदल्या रात्रीच्या झोपेचा असतो, असं माझं मत होत चाललं आहे.

नाइट संपवून घरी आल्या आल्या बसणं हा प्रकार मी बराच काळ करून पाहिला. पुढच्या शिफ्टला हँडओव्हर दिलेला असतो, अंघोळ झालेली असते, घरात कुणी नसतं. डोळे मिटले की कानात मॉनिटरचा अलार्म सुरू. खरा नव्हे, पण सूर तोच. हात आपोआप उठू लागतो. तो आवाज विरतो तोवर श्वास लांबतो, मान हळूहळू पुढे झुकते, हनुवटी छातीला टेकते आणि दचकून जाग येते. पाठ ताठ करायची, पुन्हा तेच. बौद्ध परंपरेत ध्यानाच्या पाच अडथळ्यांत या सुस्तीला मानाचं पान आहे, थीनमिद्ध म्हणतात तिला. पण रात्रभर जागलेल्या माणसाची झोप हा काही अडथळा नव्हे, ती त्याची गरज आहे. अशा वेळी सरळ झोपावं. मी आता तेच करते, आणि संध्याकाळी उठून ड्युटीला निघण्याआधी बसते.

उठल्या उठल्या मात्र नको. जाग आल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं डोकं जडच असतं. म्हणून आधी दात, तोंडावर पाणी, घरातल्या घरात दोन फेऱ्या. भरल्या पोटी नको, हे तर सगळेच सांगतात. दुपारी एक ते तीनच्या दरम्यान शरीर तसंही मंदावतं, जेवण हलकं असलं तरी. अंथरुणात बसून केलेलं ध्यान झोपेकडे घसरतं. झोप यावी म्हणूनच बसायचं असेल तर खुशाल बसा, फक्त त्याला रोजची बैठक समजू नका.

पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात, म्हणजे भागात, अभ्यास (रोजचा सराव) पक्का कशाने होतो ते सांगितलंय: दीर्घकाळ, खंड न पाडता, आदराने. किती वाजता, याचा उल्लेखही नाही. हठयोगावरची जुनी पोथी हठयोगप्रदीपिका प्राणायामासाठी सकाळ, माध्यान्ह, संध्याकाळ आणि मध्यरात्र अशा चारही वेळा सांगते. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहाटे चारला घंटा होते खरी, पण घरी जाताना सांगतात ते सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास एवढंच.

खंड पडू नये यासाठी मला सगळ्यात उपयोगी पडला तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा, २०१० साली छापून आलेला अभ्यास. ९६ जणांनी एकेक नवी सवय रोजच्याच एखाद्या प्रसंगाला जोडून घेतली, न्याहारीनंतर वगैरे. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, पण अभ्यासकांच्या हिशेबाप्रमाणे कुणाला १८ पुरले असते, तर कुणाला २५४ लागले असते. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. रोस्टरवाल्या माणसाला याहून सोयीचं काय हवं? घड्याळ फिरत राहतं, पण उठल्यावर दात घासणं काही कुठे जात नाही.

रोज सहा वाजता उठणाऱ्यांनी अर्थातच सहाला बसावं, एवढी उठाठेव त्यांना नको. ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांनी दिवसातली एक जागा धरून दोन-तीन आठवडे तिथेच राहावं. आज सकाळ, उद्या रात्र असं करत राहिलं तर कुठली वेळ मानवते हेच कळत नाही. माझी खरी पंचाईत होते ती ऑफच्या दिवशी. घाईच नसते, त्यामुळे दात घासायलाच अकरा वाजतात.